तटस्थता कोणाची, पहारा कोणावर?

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की आम्हा शिक्षकांच्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. पहिल्यात प्रशिक्षणाची तारीख आणि वेळ असते, आणि गैरहजर राहिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ नुसार कारवाई करण्यात येईल, अशी तंबी असते. दुसऱ्यात कोणत्याही पक्षाचा, नेत्याचा मजकूर पुढे पाठवू नये, स्टेटसला ठेवू नये, 'लाइक' करू नये, सर्वांवर लक्ष आहे, असे लिहिलेले असते. पहिला संदेश तहसील कार्यालयाचा. दुसरा केंद्रप्रमुखांनी पुढे ढकललेला. तो मुळात कोणी लिहिला हे मला आजवर कळलेले नाही. पण तो येताच आमच्या गटातील दहा-बारा जण लगेच हात जोडल्याची चित्रे टाकतात, जणू गुन्हा आधीच घडला आहे आणि माफी मागायची तेवढी राहिली आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या राजकीय तटस्थतेवर संगणकाची, कॅमेऱ्याची, ॲपची नजर असावी, हा विचार आता सर्वमान्य झाल्यासारखा आहे. आपल्या समाजातील शिकलेल्या मंडळींनाही तो आवडतो. त्याचे कारण मी समजू शकते. प्रशासनातील पक्षपात आपण ऐकून माहीत करून घेतलेला नाही, सोसलेला आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबाबत श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये सभागृहासमोर आला, त्यात पोलिसांच्या पूर्वग्रहावर न्यायमूर्तींनी स्वतः बोट ठेवले होते. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस म्हणणारच, की माणसापेक्षा यंत्र बरे. यंत्राला ना जात ना मजहब. माझे एक नातेवाईक निवृत्त लेखाधिकारी आहेत, ते हेच म्हणतात. त्यांच्याशी वाद घालता घालताच हा लेख लिहायला घेतला.

माझे म्हणणे थोडक्यात असे : यंत्राला मजहब नसतो, पण यंत्र कोणाच्या तोंडावर लावायचे हे ठरवणाऱ्याला खुर्ची असते. आज ही नजर खालच्या कर्मचाऱ्यावर लावलेली आहे, आणि निवडणुकीतला खरा पक्षपात वरून खाली येतो.

आधी माझा अनुभव सांगते. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू प्राथमिक शाळेत शिकवते. बी.एड.ला माझी एक अध्यापन पद्धती मराठी होती, म्हणून तालुक्यात मराठी लिहिण्या-वाचण्याची कामे माझ्याकडे येतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान होते. संगणकाने सरमिसळ करून काढलेल्या यादीत माझी नेमणूक एका मुस्लिम वस्तीतील केंद्रावर झाली. तेथे पडदानशीन महिला मतदार जास्त, म्हणून महिला कर्मचारी हवी होती. केंद्र 'संवेदनशील' यादीत होते. (आपल्या वस्त्यांतील केंद्रे या यादीत किती सहज जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) त्यामुळे वर्गाच्या कोपऱ्यात फळ्याच्या वर वेबकास्टिंगचा कॅमेरा बसवलेला होता. मी मतदान अधिकारी क्रमांक एक. ओळखपत्र पाहायचे, यादीतील अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचे, यादीवर खूण करायची, एवढे माझे काम.

साडेदहाच्या सुमारास सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांनी नकाब वर केला, मी चेहरा पाहिला, नाव वाचले. त्या टेबलावर वाकून म्हणाल्या, "बेटी, वो बटन ऊपर है के नीचे?" मी म्हटले, "खाला, वो मैं नहीं बता सकती. अंदर जाके जो आपको पसंद है वो दबाओ." त्यांना कमी ऐकू येत होते. मग उठून त्यांच्या कानाशी जाऊन तेच वाक्य पुन्हा सांगितले. केंद्राध्यक्षांनी कागदी नमुन्यावर यंत्र कसे चालते ते त्यांना दाखवले. समोरच्या बाकावर चार पक्षांचे मतदान प्रतिनिधी बसले होते. त्यांनी सगळे ऐकले. कोणी हरकत घेतली नाही, एक जण तर म्हणाला, "मौसी, आरामात जा."

वीस-पंचवीस मिनिटांनी केंद्राध्यक्षांचा फोन वाजला. नियंत्रण कक्षातून विचारणा होती : तुमच्या केंद्रातील हिरव्या ओढणीच्या मॅडम मतदारांच्या कानात काय सांगतात? तासाभरात क्षेत्रीय अधिकारी येऊन गेले. त्यांनी प्रतिनिधींना विचारले, चौघांनीही काही नाही म्हणून सांगितले. साहेब भले होते, चहा घेऊन गेले. तरीही चार दिवसांनी माझ्या नावे पत्र आले. वेबकास्टिंगमध्ये आढळून आलेल्या 'संशयास्पद हालचाली'बाबत दोन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

नियंत्रण कक्षात बसलेल्या त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. एका पडद्यावर पंधरा-वीस चौकटी, प्रत्येक चौकटीत एक वर्ग, आणि आवाज नाही. त्याला एक ओढणी आणि एक बुरखा जवळ आलेले दिसले. पण त्या खोलीत तटस्थतेची राखण कोण करत होते? कॅमेरा नव्हे. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या चार पक्षांची चार माणसे एका बाकावर बसून ती करत होती. त्यांना कान होते, दखनी बोली कळत होती आणि त्यातला प्रत्येक जण उरलेल्या तिघांवरही टपलेला होता. या जुन्या व्यवस्थेने मला निर्दोष ठरवले. नव्या व्यवस्थेने खुलासा मागवला.

आणि ज्याला खरोखर पक्षपात करायचा आहे तो कानात कशाला सांगेल? जो मतदान अधिकारी एखाद्या वस्तीचे मतदान कमी करू इच्छितो, त्याला फक्त रांग हळू सरकवायची असते. ओळखपत्र दोनदा पाहायचे, यादीत नाव सापडत नाही म्हणायचे, पाणी प्यायला उठायचे. बाहेर बायका लेकरे कडेवर घेऊन उन्हात उभ्या राहतात आणि एकेक करून घरी जातात. हे कॅमेऱ्यात दिसतेच. पण ते पाहायचे असे कोणी सांगितलेले नसते. कॅमेऱ्याला कुजबूज संशयास्पद वाटते, दिरंगाई वाटत नाही.

आता ॲपचे पाहू. निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये 'सी-व्हिजिल' आणले. आचारसंहितेचा भंग दिसला की नागरिकाने जागेवरच छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतचे चित्रण करायचे. ठिकाण आपोआप नोंदवले जाते. भरारी पथक पोहोचते आणि शंभर मिनिटांत तक्रारीचा निकाल लागावा, अशी रचना आहे. नाव न सांगताही तक्रार करता येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २९ मार्चपर्यंत ७९ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यातील ९९ टक्क्यांवर निकाली निघाल्या, असे आयोगाने जाहीर केले. उत्तम. पण त्या तक्रारींतील ७३ टक्के बेकायदा फलक आणि बॅनर यांच्या होत्या. म्हणजे ॲपला दिसते ते भिंतीवरचे. फलकाचा फोटो निघतो. तोंडी हुकमाचा फोटो कसा काढणार?

तोंडी हुकूम म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळांचे संस्थाचालक आणि राजकारणातील पुढारी हे पुष्कळदा एकच असतात. निवडणूक आली की शाळा सुटल्यावर शिपाई येऊन सांगतो, "साहेबांनी बंगल्यावर बोलावलंय." तेथे याद्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात. प्रत्येक शिक्षकाला गल्ल्या वाटून दिलेल्या असतात. कोणाचे नातेवाईक कोणत्या गावात, कोण किती मते आणणार, याची वही असते. ही वही कोणत्याही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर येत नाही. ज्याची वैयक्तिक मान्यता अडकलेली आहे, ज्याच्यावर अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार आहे, जो शिक्षणसेवक म्हणून सोळा-अठरा हजारांच्या मानधनावर तीन वर्षे काढतो आहे, तो मोबाईल काढून चित्रण करील? आणि केलेच, तर ठिकाण आपोआप नोंदवले जाते ना! बंगल्यावर त्या वेळी कोण होते हे साहेबांना ठाऊक असते.

येथे आपले संस्थाचालक निराळे असतात असे म्हणण्याची सोय नाही. सर सय्यद आणि मौलाना आझाद यांच्या तसबिरी कार्यालयात लावून उर्दू शाळा चालवणारे आपलेच जमातबंधू नगरसेवकपदाच्या निवडणुकीत शिक्षिकांना महिलांच्या घरोघर पाठवतात. "बाजी, तुम्ही गेलात तर घरात प्रवेश मिळतो," असे म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीने सहाव्या महिन्यात असताना चार गल्ल्या केल्या. ती गेली नसती तर कौमशी गद्दारी ठरली असती. एवढा मोठा शब्द एवढ्या छोट्या कामासाठी! आपल्यावर सरकार पक्षपात करते म्हणून रडायचे आणि आपल्या हाताखालच्या बाईचा वेळ, पाय आणि ईमान हक्काने वापरायचे, हे दोन्ही एका तोंडाने शोभत नाही.

कर्मचाऱ्याने निवडणुकीत तटस्थ राहावे, हा कायदा जुना आहे आणि चांगला आहे. मतदान केंद्रावरील अधिकाऱ्याने मतदारावर प्रभाव टाकल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२९ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठीचे १९६७ चे. त्यांचे सार असे की कर्मचाऱ्याने पक्षाचे सदस्य होऊ नये, प्रचार करू नये. मत द्यावे, पण कोणाला देणार किंवा दिले ते सांगू नये. मला यात काहीही गैर वाटत नाही. मी ज्या मुलांना शिकवते त्यांचे पालक सर्व पक्षांत आहेत. माझ्यासमोर ओळखपत्र धरणाऱ्या माणसाला माझे मत कळता कामा नये. तटस्थता ही मतदाराची अमानत आहे आणि ती आमच्याकडे ठेवलेली आहे.

या कायद्याने एकदा देशाच्या पंतप्रधानांची निवड रद्द केली होती, हे नव्या पिढीने लक्षात ठेवावे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधी यांची १९७१ ची रायबरेलीतील निवड अवैध ठरवली. कारणे दोन. पंतप्रधान सचिवालयातील अधिकारी यशपाल कपूर सरकारी सेवेत असतानाच त्यांच्या निवडणुकीच्या कामाला लागले होते. आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभेचे व्यासपीठ, ध्वनिक्षेपकाची वीज यांची व्यवस्था केली होती. हे सिद्ध झाले ते राजीनाम्याची तारीख, भाषणाची तारीख आणि साक्षी यांवरून. कॅमेरा नव्हता. न्यायाधीशाची नजर मात्र वर होती. नंतर काय झाले? संसदेने कायदाच बदलला. राजीनामा कधीपासून लागू झाला याचा निर्णायक पुरावा म्हणजे राजपत्रातील सरकारची अधिसूचना, असे ठरले, तेही मागील तारखेपासून. नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड वैध ठरवली.

सत्ता अडचणीत आली की तटस्थतेची व्याख्याच सरकते, हे तेव्हाच दिसले. ती आजही सरकते. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर १९६६ च्या परिपत्रकाने आपल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी या दोन्ही संघटनांच्या कार्यात भाग घेण्यास मनाई केली होती. १९७० आणि १९८० मध्ये ती पुन्हा बजावली गेली. ९ जुलै २०२४ रोजीच्या आदेशाने त्या परिपत्रकांतून संघाचा उल्लेख वगळण्यात आला. फक्त संघाचा. जमाते इस्लामीविषयी मला प्रेम नाही. तिच्या विचारांशी माझे पटत नाही आणि ते मी घरातही सांगते. प्रश्न मापाचा आहे. अठ्ठावन्न वर्षे एका परिपत्रकात शेजारी शेजारी बसलेल्या दोन नावांपैकी एक 'राजकीय' राहिले नाही आणि दुसरे राहिले, हे कोणत्या तराजूवर ठरले? आता या व्याख्येवर उद्या संगणक बसवा. तो अगदी प्रामाणिकपणे, रात्रंदिवस, न थकता पक्षपात करील.

उलट बाजूही सांगते, नाही तर मी माझ्याच मापाने खोटी ठरेन. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात पूर्वी भाग घेतला, या पोलीस अहवालावरून नोकरीतून कमी केले होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी पोलिसांच्या अशा अहवालांवर नागरिकाची रोजीरोटी टांगून ठेवण्यास कडाडून विरोध केला. त्या शिक्षकाचे विचार माझ्या विरुद्ध टोकाचे असतील. पण तो निकाल माझ्यासाठीही आहे. पुढे ९ जानेवारी २०२० रोजी त्रिपुरा उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी मत्स्यव्यवसाय खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याची बाजू उचलून धरली. राजकीय सभेला गेल्या आणि फेसबुकवर लिहिले, म्हणून निवृत्तीला चार दिवस उरले असताना त्यांना निलंबित केले होते. सभेला हजर असणे म्हणजे सभेत भाग घेणे नव्हे, आणि सरकारी नोकरीत आल्याने बोलण्याचा अधिकार संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा फरक माणसाने केला. फोटोतील गर्दीतून चेहरा उचलणाऱ्या यंत्राला तो करता आला नसता. त्याच्या लेखी जो दिसला तो सामील.

आपल्या राज्यात जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराविषयी शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि शासकीय खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, सरकारी गाडी-गणवेश वापरून रील करू नका; हे सगळे मान्य. (रील करणाऱ्या काही साहेबांचा मलाही वीट आला होता.) पण राज्य शासनाच्या किंवा देशातील कोणत्याही सरकारच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही, हेही त्यात आहे. योजनेच्या यशाचा प्रसार मात्र करता येतो. येथे तटस्थतेचा अर्थ हळूच बदलला आहे. सरकारच्या बाजूने बोलणे तटस्थ, विरुद्ध बोलणे राजकीय! निवडणुकीच्या तोंडावर सत्तारूढ पक्षाची सगळी जाहिरात योजनांचीच असते. ती मी पुढे पाठवली तर मी कर्तव्यदक्ष. शाळेत पाठ्यपुस्तके उशिरा आली असे लिहिले तर खुलासा.

हे केवळ आपल्याकडे होते असे नाही. ज्या इंडोनेशियाचे नाव आपण अधूनमधून अभिमानाने घेतो, तेथे २०२२ मध्ये पाच सरकारी यंत्रणांनी मिळून एक निर्णय काढला. उमेदवाराच्या खात्याला 'लाइक' करणे, त्यावर प्रतिक्रिया लिहिणे, ते पुढे पाठवणे, अनुसरणे, हे सगळे नागरी सेवकांसाठी तटस्थतेचा भंग ठरले. उमेदवारांचे क्रमांक बोटांनी दाखवले जातात, म्हणून फोटोत बोटे कशी धरायची याचीही धास्ती बसली. एका बाजूला कारकुनाची बोटे मोजली जात होती. दुसऱ्या बाजूला २४ जानेवारी २०२४ रोजी, मतदानाला तीन आठवडे असताना, राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी जाहीरपणे सांगितले की राष्ट्राध्यक्षाला प्रचार करता येतो आणि बाजूही घेता येते. त्यांचे चिरंजीव उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि निवडूनही आले. नागरी सेवकांच्या तटस्थतेवर लक्ष ठेवणारा जो स्वतंत्र आयोग होता, तो २०२३ च्या नव्या कायद्याने मोडीत निघाला. मुस्लिमबहुल देश असला म्हणून सत्तेची चाल बदलत नाही.

वर पाहण्याचे धाडस एखाद्या कर्मचाऱ्याने केले तर? एप्रिल २०१९ मध्ये ओडिशातील संबळपूर येथे निवडणूक निरीक्षक असलेले आयएएस अधिकारी मोहम्मद मोहसीन यांनी पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टरची तपासणी केली. दुसऱ्याच दिवशी आयोगाने त्यांना निलंबित केले. विशेष सुरक्षा असलेल्या व्यक्तींबाबतच्या सूचनांचा भंग झाला, असे कारण दिले. आठवडाभराने बंगळुरूच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने निलंबनाला स्थगिती दिली. सूचनांचा अर्थ काय, यावर वाद होऊ शकतो. पण सर्व जिल्ह्यांतील लहानमोठ्या कर्मचाऱ्यांनी त्यातून काय धडा घेतला, यावर वाद होऊ शकत नाही. इकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये वणी येथे उद्धव ठाकरे यांची बॅग तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याच मोबाईलसमोर नावे सांगावी लागली आणि मोदी-शहांची बॅग तपासली का, या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. ठाकरे यांचा प्रश्न रास्त होता. तो मात्र ज्यांना विचारला ते दिवसभर रस्त्यावर उभे असलेले पोटार्थी लोक होते. पुढे सत्ताधारी नेत्यांच्या बॅगा तपासल्याच्या चित्रफितीही आल्या. कॅमेरा दोन्ही पक्षांचा, आणि दोन्ही वेळा चेहरा तपासनिसाचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माझ्याकडून खुलासा मागितला तेव्हा मी तो दीड पानाचा, मराठीत, चार प्रतिनिधींचा उल्लेख करून दिला. त्याचे उत्तर आले नाही. दोषी नाही आणि निर्दोषही नाही, अशा अवस्थेत दोन महिने काढल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये मी त्या दिवसाच्या चित्रणाची प्रत मागितली. त्यात चारही प्रतिनिधी शांत बसलेले दिसतात, हे मला दाखवायचे होते. कार्यालयात सांगण्यात आले की नियम बदलला आहे, चित्रण देता येत नाही. बदलला होता हे खरे. हरियाणाच्या मतदानाचे चित्रण एका वकिलांना देण्याचा आदेश पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी दिला आणि २० डिसेंबरला निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ मध्ये दुरुस्ती झाली. सीसीटीव्ही, वेबकास्टिंग यांसारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे जनतेला पाहण्यासाठी खुली राहिली नाहीत. ३० मे २०२५ रोजी आयोगाने कळवले की निवडणूक याचिका दाखल नसेल तर ४५ दिवसांनंतर चित्रण नष्ट करता येईल. आणि जून २०२५ मध्ये ठरवले की यापुढे जवळजवळ सर्वच केंद्रांवर वेबकास्टिंग व्हावे.

वेबकास्टिंग वाढवायचे, चित्रण दाखवायचे नाही आणि दीड महिन्यात पुसायचे! मग ते आहे कोणासाठी? मतदार महिलांच्या अब्रूचा आणि गोपनीयतेचा प्रश्न आहे, असे आयोगाकडून सांगितले जाते. मतदाराची गोपनीयता मलाही प्रिय आहे. खालांचा नकाब वर केलेला चेहरा बाजारात फिरावा असे मी कधीच म्हणणार नाही. मतदारांचे चेहरे झाकून चित्रण देता येते, न्यायालयासमोर दाखवता येते, संबंधित कर्मचाऱ्याला कार्यालयात बसवून दाखवता येते. पण सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या चौकटीत मीही होते. माझ्या अब्रूचा विचार करायचा तर ज्या चित्रणावरून माझ्यावर संशय घेतला ते मला पाहू देणे हे पहिले पाऊल नव्हते काय?

डिजिटल साधनांना माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगते. ज्या दिवशी मला तो फोन आला, त्याच दिवशी उत्तर प्रदेशात पोटनिवडणुका होत्या. मुस्लिम मतदारांना पोलीस अडवून ओळखपत्रे तपासत असल्याची चित्रणे लोकांच्या मोबाईलवरून बाहेर आली आणि आयोगाने काही पोलिसांना त्याच दिवशी निलंबित केले. तेव्हा मोबाईल मतदाराच्या हातात होता आणि त्याची नजर बंदुकीकडे होती. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार याद्यांच्या प्रारूपातून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह संकेतस्थळावर, शोधता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करायला लावली. तोच संगणक, पण येथे तो प्रशासनाचे काम जनतेला दाखवत होता.

तेव्हा यंत्र लावायचेच असेल तर असे लावा. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांतील प्रत्येक अधिकाऱ्याची बदली, तिची तारीख आणि ती कोणाच्या शिफारशीवरून झाली, हे संकेतस्थळावर टाका. संस्थाचालक उमेदवार असेल तेथे त्याच्या शाळांतील सर्व नेमणुका, मान्यता आणि वेतन देयके आचारसंहितेच्या काळात निवडणूक अधिकाऱ्याच्या नजरेखाली आणा. कोणत्या केंद्रावर दर दोन तासांनी किती मतदान झाले आणि रांग किती होती, हे उमेदवारांना तेथल्या तेथे द्या. कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवला तर त्याचा निकाल किती दिवसांत लागेल ते त्याच पत्रात लिहा. भिंतीवरच्या फलकाला शंभर मिनिटांत न्याय मिळतो. माझ्या दीड पानाला अजून मिळालेला नाही.

आमच्या मुख्याध्यापकांनी मला काळजीपोटी सांगितले, "बाजी, पुढच्या वेळी कोणाशी बोलूच नका. यादीवर खूण करा, मान खाली ठेवा." अनेक सहकारी आता असेच वागतात, हे मी प्रशिक्षणात पाहते. बहिरी म्हातारी विचारते आणि समोरची शिक्षिका कॅमेऱ्याकडे पाहत गप्प बसते. त्या म्हातारीला वाटते, सरकारला आपले मत नकोच आहे.

ज्या शिक्षक-शिक्षिकांकडून असे खुलासे मागवले गेले असतील त्यांनी आपली प्रत आवक क्रमांकासह जपून ठेवावी, चित्रण ४५ दिवसांच्या आत लेखी अर्ज करून मागावे आणि नकारही लेखीच घ्यावा. मी तोंडी नकार घेऊन घरी आले, ती माझी चूक झाली.